जुना संगणक दुकानाचा मुनीम होईल का? आधी ड्रायव्हर तपासा, मग पैसा घाला

व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या दुकानात, कारखान्यात किंवा घरी आज एखादा तरी जुना संगणक कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मदत थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक एका दिवसात "जुने" ठरले. भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि मालकाला तो पटत नाही. मग प्रश्न येतो : याचे दुसरे काही होईल का?

होईल. असा संगणक दुकानाचा किंवा घरचा सर्व्हर होऊ शकतो. पण "होऊ शकतो" आणि "होतोच" यात फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा ड्रायव्हर नावाच्या एका न दिसणाऱ्या वस्तूने पडतो. ती समजून न घेता पैसा घातला तर काय होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे. ती हकीगत पुढे येईल. आधी धडा नीट समजून घेऊ.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. दुकानात एक मुनीम असतो. तो गल्ल्यावर बसत नाही, गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण सगळ्या वह्या त्याच्या कपाटात असतात आणि ज्याला जी वही हवी ती तो काढून देतो. सर्व्हरचे काम हेच. त्याला पडदा, माऊस, कीबोर्ड लागत नाही. एकदा मांडून झाला की तो कोपऱ्यात चालू राहतो, आणि बिलिंगचा संगणक, घरचा लॅपटॉप, मुलाचा मोबाईल, सगळे तारेने किंवा राऊटरमार्फत त्याच्याकडे आपापल्या फायली ठेवतात.

आपल्या धंद्यात त्याची खरी गरज तीन ठिकाणी आहे. पहिली, हिशेबाची रोजची प्रत. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि नोंदी, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. एकाच संगणकातील एकाच डिस्कच्या भरवशावर सहा वर्षे काढणे धोक्याचे आहे. दुसरी, डिझाइनचा संग्रह. भरतकामाच्या संगणकीय मशीनच्या फायली, जकार्डचे नमुने, छपाईचे आर्टवर्क, फर्निचरचे आराखडे, ही कारागिराची वर्षानुवर्षांची कमाई असते आणि ती बहुधा चार पेनड्राइव्हमध्ये विखुरलेली असते. तिसरी, खरेदीची बिले, चलने आणि गिऱ्हाइकांच्या मापांचे फोटो एका जागी ठेवणे.

या तिन्ही कामांना वेगवान संगणक लागत नाही, भरवशाचा लागतो. आणि भरवसा ड्रायव्हरपासून सुरू होतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

संगणकात नेटवर्कचे कार्ड, डिस्कचा कंट्रोलर, पडद्याची चिप असे वेगवेगळे भाग असतात. प्रत्येक भाग वेगळ्या कारखान्यात बनलेला आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. ऑपरेटिंग सिस्टीमला त्या प्रत्येकाशी बोलायचे असते. मध्ये जो दुभाषी उभा राहतो तो ड्रायव्हर. दुभाषी नसेल तर कार्ड धडधाकट असूनही सिस्टीमच्या दृष्टीने मुके असते.

विंडोजमध्ये हा दुभाषी पुष्कळदा कार्ड बनवणारी कंपनी देते. कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिला नाही की चांगले कार्डही निकामी होते. जुने प्रिंटर आणि स्कॅनर असे किती फेकले गेले याला गणती नाही.

सर्व्हरसाठी लोक बहुधा लिनक्स वापरतात. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले. ते मोफत मिळते, आणि आपल्या विषयापुरता त्याचा मोठा गुण असा की बहुतेक ड्रायव्हर त्याच्या गाभ्यातच असतात. या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल नवा झाला की आतले ड्रायव्हरही त्याच्याबरोबर जुळवले जातात. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकाचे भाग नव्या लिनक्समध्ये काही न करता चालू लागतात.

येथे आणखी एक शब्द शिकून ठेवावा : फर्मवेअर. ड्रायव्हर हा सिस्टीमच्या बाजूचा दुभाषी. फर्मवेअर म्हणजे त्या कार्डाच्या पोटात भरायच्या सूचना. काही कार्डांच्या पोटात त्या कायमच्या असतात, तर काहींना संगणक सुरू होताना दर वेळी भराव्या लागतात. या सूचना बहुधा कंपनीच्या मालकीच्या असतात, म्हणून डेबियन ही लिनक्सची नावाजलेली आवृत्ती पूर्वी त्या आपल्या अधिकृत मांडणीत देत नसे. लोकांची फार अडचण होई. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर मांडणीच्या पेनड्राइव्हमध्येच मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले, त्यातही ते आहे. नवशिक्याची अर्धी डोकेदुखी यामुळे गेली आहे.

कोणत्या संगणकाला हात लावू नये

भागांची पाहणी करण्याआधी एक ताकीद. ज्या संगणकावर एखादे मशीन चालते, मग ते भरतकामाचे असो, कटिंगचे, प्लॉटरचे की खोदकामाचे, तो संगणक कितीही जुना असला तरी त्याला सर्व्हर करू नये. अशा मशीनचे कार्ड किंवा प्रिंटर-पोर्टला लावायचे कुलूप पुष्कळदा विंडोज एक्सपीच्या काळचे असते. त्याचा ड्रायव्हर फक्त त्याच विंडोजसाठी बनलेला असतो, लिनक्ससाठी नव्हे आणि विंडोज ११ साठीही नव्हे. ती डिस्क पुसली की लाखोंचे मशीन उभे राहते. उलट त्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवावी आणि तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. विंडोज एक्सपी नेटवर्कवर फायली देताघेताना एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरते. लिनक्सवर फायली वाटण्याचे काम सांबा नावाची प्रणाली करते, आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबाने ही पद्धत मुळात बंद ठेवली आहे, कारण ती असुरक्षित आहे. म्हणजे एक्सपीच्या मशीनला नवा सर्व्हर दिसणार नाही. तो दिसावा म्हणून सगळ्या दुकानाचे दार उघडे टाकू नये. त्या मशीनला फायली पेनड्राइव्हनेच द्याव्यात.

नाव नको, नंबर पाहा

आता भागांची ओळख. खोक्यावरचे नाव पाहून ड्रायव्हर ठरत नाही. एकाच नावाच्या कार्डात पहिल्या वर्षी एक चिप असते आणि दुसऱ्या वर्षी कंपनी गुपचूप दुसरी बसवते. खोके तेच, किंमत तीच, आत माल वेगळा. कापडाच्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको.

म्हणून चिपचा नंबर पाहावा. प्रत्येक भागाला दोन नंबर असतात, एक बनवणाऱ्याचा आणि दुसरा मालाचा. इंटेलचा नंबर ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, एनव्हिडियाचा १०डीई. जुन्या देशी बनावटीच्या संगणकात फार आढळणारी रिअलटेकची नेटवर्क चिप १०ईसी : ८१६८ अशी दिसते.

हा नंबर पाहण्यासाठी काहीही पुसावे लागत नाही. दुसऱ्या संगणकावर रुफस या प्रोग्रामने डेबियनची "लाइव्ह" आवृत्ती एका पेनड्राइव्हवर उतरवावी. पेनड्राइव्हमधील आधीचा माल जातो, तेव्हा रिकामा घ्यावा. जुना संगणक त्यावरून सुरू करावा, म्हणजे डिस्कला हात न लावता लिनक्स चालू होते. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय हा हुकूम इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करावा, एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून एनएनके ही तीन अक्षरे लिहावीत. प्रत्येक भागाचे नाव, कंसात दोन नंबर आणि खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ येईल. ती ओळ असेल तर त्या भागाला दुभाषी मिळाला. ती नसेल तर मिळाला नाही. यूएसबीला लावलेल्या वस्तूंसाठी एलएसयूएसबी असा वेगळा हुकूम आहे. तो वस्तूचे नंबर सांगतो.

ही यादी वहीत उतरवून घ्यावी. संगणकाचा पंचनामा तो हाच.

एक उदाहरण : जी ४१ चा संगणक

२०१० च्या आसपास आपल्याकडे इंटेलच्या जी ३१ आणि जी ४१ चिपसेटचे बोर्ड आणि त्यावर कोअर २ ड्युओ प्रोसेसर पुष्कळ विकले गेले. आजही लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे ते आढळतात. तेच समोर ठेवून एकेक भाग पाहू.

प्रोसेसर. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे आणि डेबियन १३ त्यावर चालते. मात्र सगळीच लिनक्स चालतील असे नाही. रेड हॅटची व्यावसायिक आवृत्ती ९ ही २०२२ पासून आणि आवृत्ती १० ही २०२५ पासून अधिक नव्या प्रोसेसरची अट घालते, आणि कोअर २ त्यात बसत नाही. ३२ बिटचा त्याहून जुना संगणक असेल तर डेबियन १३ मध्ये त्याच्यासाठी कर्नल आणि मांडणी दोन्ही नाहीत. अशा संगणकावर पैसा घालू नये.

डिस्कचा कंट्रोलर. नव्या बोर्डांवर एएचसीआय ही सर्वमान्य पद्धत असते. बायोसमध्ये सेटिंग "एएचसीआय" वर ठेवले की एकाच ड्रायव्हरने काम होते. "रेड" वर ठेवल्यास काही बोर्डांवर डिस्क दिसतच नाहीत. बोर्डावरील हे स्वस्त रेड वापरूच नये. बोर्ड गेला की डिस्क वाचताना पंचाईत होते. दोन डिस्क जोडीने चालवायच्या असतील तर लिनक्सचे स्वतःचे रेड वापरावे, म्हणजे त्या डिस्क दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकात उघडतात. जी ४१ च्या बोर्डावर बहुधा आयसीएच ७ ही चिप असते आणि तिच्या साध्या प्रकारात एएचसीआय नसते. घाबरू नये. लिनक्सचा दुसरा ड्रायव्हर ती सांभाळतो. वेग थोडा कमी मिळतो, पण आपल्या कामाला पुरतो.

जुन्या पद्धतीच्या फाळणीत डिस्कचे साधारण २.२ टेराबाइटच मोजता येतात. त्यापेक्षा मोठी डिस्क असेल तर सिस्टीम छोट्या एसएसडीवर मांडावी आणि मोठ्या डिस्कवर जीपीटी पद्धतीची फाळणी करून तेथे फक्त माल ठेवावा.

नेटवर्क. सर्व्हरचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग. रिअलटेक ८१११ व ८१६८ या चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि त्यांचे फर्मवेअर डेबियनबरोबर येते. इंटेलच्या गिगाबिट कार्डांचे ड्रायव्हरही कर्नलमध्ये आहेत आणि वर्षानुवर्षे घासून तावून निघालेले आहेत. बोर्डावरील नेटवर्क १०० मेगाबिटचेच असेल तर सेकंदाला ११-१२ मेगाबाइटपेक्षा जास्त माल जात नाही. १०० गिगाबाइटच्या डिझाइन उतरवायला अडीच तास लागतील. रोजच्या हिशेबाच्या प्रतीला मात्र तेही पुरे. जास्त वेग हवा असेल तर इंटेल चिपचे जुने गिगाबिट कार्ड घ्यावे, पण नंबर पाहून.

वायरलेसवर सर्व्हर चालवू नये. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या वायरलेस चिपांना वेगळा ड्रायव्हर किंवा वेगळे फर्मवेअर बाहेरून आणावे लागते. यूएसबीच्या स्वस्त वायरलेस कांड्यांची तर बातच नको. तार ओढायला एकदाच त्रास होतो.

पडदा. सर्व्हरला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसली की पुरे, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. एनव्हिडियाने आपल्या जुन्या कार्डांचे ३४० मालिकेचे ड्रायव्हर २०१९ अखेर आणि ३९० मालिकेचे २०२२ अखेर बंद केले. त्यांच्या मागे लागू नये. बोर्डावर पडद्याची सोय असेल तर ते कार्ड काढूनच ठेवावे, विजेचीही बचत होते.

प्रिंटर. येथे फार जण फसतात. आपल्या दुकानांत एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० फार दिसतात. यांतील पहिल्याला बटण दाबल्यावर दर वेळी संगणकाने फर्मवेअर पाठवावे लागते, आणि लिनक्सवर त्यासाठी कंपनीचा वेगळा जोडभाग उतरवावा लागतो. दुसरा कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. लिनक्सवर तो चालवणे खटपटीचे आहे. हे प्रिंटर विंडोजच्या संगणकालाच राहू द्यावेत. सर्व्हरकडून छपाई करायचीच असेल तर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा एअरप्रिंट समजणारा प्रिंटर पाहावा.

यूपीएस. बत्ती गेल्यावर बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळले तर तो फायली नीट बंद करून स्वतः थांबतो. त्यासाठी यूपीएसला यूएसबीचे तोंड हवे आणि लिनक्सच्या "नट" या प्रणालीत त्याचा ड्रायव्हर हवा. स्वस्त यूपीएसला हे तोंडच नसते. तो पाच-दहा मिनिटे देतो, पण सर्व्हरला काही सांगत नाही.

आमची चूक

आता आमची हकीगत. भाईजानचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. बिलिंगचा संगणक पुढे आणि जुना संगणक वरच्या माळ्यावर. आम्ही त्याला सर्व्हर केले. माळ्यापर्यंत तार ओढायला भिंत फोडावी लागत होती, म्हणून बाजारातून यूएसबीची वायरलेस कांडी आणली. खोक्यावर "लिनक्सवर चालते" असे लिहिलेले होते. आम्ही नंबर पाहिला नाही. घरी आणून पाहिले तर तिच्या चिपचा ड्रायव्हर आमच्या कर्नलमध्ये नव्हता. इंटरनेटवरून कोणीतरी लिहिलेला ड्रायव्हर उतरवून आम्ही तो हाताने बांधला. कांडी चालू झाली. आम्हाला आमच्या हुशारीचा अभिमानही वाटला.

काही महिने ठीक गेले. रोज रात्री बिलिंगची प्रत सर्व्हरवर जात होती. मध्ये कर्नलची नवी आवृत्ती आपोआप उतरली होती, पण संगणक बंद न झाल्याने ती लागू झाली नव्हती. एका मंगळवारी पहाटे बत्ती गेली. बत्ती आल्यावर सर्व्हर नव्या कर्नलवर सुरू झाला. कर्नलमधले ड्रायव्हर त्याच्याबरोबर नवे झाले होते, पण आम्ही हाताने बांधलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलपुरताच होता. नेटवर्क गेले. पुतण्या वर जाऊन पाहून आला आणि म्हणाला, "चाचा, हिरवा दिवा लागला आहे, चालू आहे." आम्हीही मान डोलावली.

शनिवारी सकाळी बिलिंगच्या संगणकाची डिस्क बंद पडली. सर्व्हर उघडून पाहिला तर शेवटची प्रत सोमवार रात्रीची. चार दिवसांचा हिशेब कुठेच नव्हता. पक्की बिले कार्बन प्रतींवरून पुन्हा भरता आली. पण सुतार, वेल्डर, प्लंबर यांची रोजची उधारी भाईजान थेट संगणकात टाकीत असत, तिची दुसरी नोंद नव्हती. भाईजान आम्हाला काही बोलले नाहीत. आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एवढेच विचारले, "मागच्या आठवड्यात काय नेलेत?" बहुतेकांनी खरे सांगितले. एक सुतार तर स्वतःहून येऊन म्हणाला, "भाईजान, माझ्याकडे सातशे आहेत, लिहून घ्या." काही रक्कम मात्र आली नाही, आणि किती आली नाही हे सांगायलाही नोंद नव्हती. उधारीचा धंदा विश्वासावर चालतो. गिऱ्हाइकाला त्याचीच उधारी विचारण्याची पाळी आमच्या अर्धवट कामामुळे आली, याची बोच अजून आहे.

पुढच्या रविवारी भिंतीला भोक पाडून तार ओढली. तास-दीड तासाचे काम होते.

या हकीगतीतून धडा असा की, ज्या भागाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे तोच भाग सर्व्हरला लावावा. बाहेरचा ड्रायव्हर घेणे अगदीच भाग असेल तर डीकेएमएस नावाची सोय वापरावी. ती नव्या कर्नलबरोबर ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधते. पण ड्रायव्हरचा मजकूर जुना राहिला आणि कर्नल पुढे गेला तर तीही फसते. म्हणून ती तात्पुरती सोय समजावी.

मांडण्यापूर्वीची परीक्षा

खालील क्रम आम्ही आता स्वतः पाळतो.

१. जुन्या डिस्कवरील सर्व फायली दुसरीकडे उतरवून, उघडून पाहाव्यात. मगच पुढे जावे.

२. लाइव्ह पेनड्राइव्हवरून नंबर आणि ड्रायव्हर यांची यादी करावी. नेटवर्क आणि डिस्कचा कंट्रोलर यांना ड्रायव्हर मिळालाच पाहिजे. बाकीचे भाग दुय्यम.

३. मेमटेस्ट ८६ प्लस हा प्रोग्राम रात्रभर चालवून मेमरी तपासावी. एकही चूक निघाली तर ती पट्टी बदलावी.

४. डिस्कची स्मार्ट नोंद पाहावी. ५ व्या क्रमांकाची, म्हणजे बदललेल्या जागांची, आणि १९७ व्या क्रमांकाची, म्हणजे संशयित जागांची नोंद शून्य असावी. आमचे मत विचाराल तर दहा वर्षांच्या डिस्कवर हिशेब ठेवूच नये, नवी घ्यावी.

५. बोर्डावरील सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदलावा. तो मेला की बत्ती गेल्यावर बायोसची सेटिंग पुसली जातात, डिस्कची पद्धत बदलते आणि संगणक सुरू होत नाही. लोक ड्रायव्हरला दोष देतात, दोष सेलचा असतो.

६. बायोसमध्ये "बत्ती आल्यावर आपोआप सुरू हो" हे सेटिंग करावे.

७. डेबियन मांडताना डेस्कटॉप घेऊ नये. तो मेमरी खातो आणि काही वेळा संगणकाला झोपवूनही टाकतो.

८. सर्व मांडून झाल्यावर अपडेट करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि दुसऱ्या संगणकावरून फाइल उघडून पाहावी. नंतर सर्व्हर नीट बंद करून बटण काढावे, पुन्हा लावावे आणि पुन्हा पाहावे. ही परीक्षा आम्ही त्या वेळी घेतली असती तर ते चार दिवस गेले नसते.

विजेचा हिशेब

फुकटचा संगणकही वीज फुकट खात नाही. समजा जुना संगणक रिकामा असताना ६० वॅट घेतो. चोवीस तासांत १.४४ युनिट, तीस दिवसांत ४३ युनिट. दर दहा रुपये धरला तर महिना साधारण ४३० रुपये. १२ वॅट घेणारा छोटा वापरलेला मिनी संगणक महिन्याला नऊ युनिटच्या आत राहतो. दोघांत वर्षाला चार हजारांच्या वर फरक पडतो. तेव्हा आपल्या बिलावरील दर घालून हे गणित करून पाहावे. संगणक दुकानाच्या वेळेतच चालवायचा असेल तर जुना परवडतो. चोवीस तास चालवायचा असेल तर मिनी संगणक वर्ष-दोन वर्षांत आपली किंमत भरून काढू शकतो. घरात आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे, असे नाही.

शेवटचे

एक गोष्ट सर्वांत शेवटी सांगतो, कारण ती लक्षात राहावी. सर्व्हर म्हणजे दुसरी प्रत, शेवटची प्रत नव्हे. दोन डिस्क जोडीने चालवल्या तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते. आग, पाणी, चोरी यांत दोन्ही जातात. म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर तिसरी प्रत काढून ती दुकानाऐवजी घरी ठेवावी.

भाईजानच्या दुकानात आता नियम आहे. दर शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते तेव्हा पुतण्या सर्व्हरवरील सर्वांत ताजी फाइल उघडतो, तिची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो आणि सही करतो. हिरवा दिवा तो पाहत नाही. तारीख पाहतो.